न छापलेला रकाना : न्यूयॉर्कच्या एका सरकारी हायस्कूलचा तक्ता कसा वाचावा?



आजचा विषय थोडा आडवळणाचा वाटेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने शाळेच्या निकालावर कशाला बोलावे? पण निकालाचा तक्ता वाचणे म्हणजे अनुमान करणे, आणि अनुमान हा आमच्या दुकानातला फार जुना माल आहे. म्हणून हे धाडस.

अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी शाळेची माहिती काढा. त्यात दोन रकाने ठळक दिसतात. एकात मुलं कोण आहेत ते : गोरी किती, कृष्णवर्णीय किती, हिस्पॅनिक किती, आशियाई किती, गरीब घरची किती, घरी इंग्रजी न बोलणारी किती. दुसऱ्यात मुलांचे गुण. दोन्ही रकाने सहसा खरेच असतात. पण ते शेजारी-शेजारी आले की वाचणारा मनातल्या मनात तिसरा रकाना भरतो. त्या रकान्याचं नाव 'म्हणून'. अमुक मुलं आहेत, म्हणून तमुक गुण आहेत. हा तिसरा रकाना कोणी छापलेला नसतो. आज आम्हाला समीक्षा करायची आहे ती या न छापलेल्या रकान्याची.

तिकडचंच उदाहरण घेण्याचं कारण साधं आहे. ही व्याख्यानं ऐकणाऱ्यांपैकी काहींची मुलं, नातवंडं तिकडच्या शाळांत आहेत. घर घेताना आधी 'शाळेला दहापैकी किती' हे पाहतात आणि मग स्वयंपाकघर पाहतात, असं आपण नेहमी ऐकतो. तेव्हा हा तक्ता आपल्या घरातही वाचला जातो.

शाळा घेऊ न्यूयॉर्कचं स्टायव्हेसंट हायस्कूल. १९०४ साली मॅनहॅटनमध्ये सुरू झालेली ही सरकारी शाळा, नववी ते बारावी, फी नाही. सव्वातीन हजारांच्या आसपास विद्यार्थी. विज्ञान-गणितासाठी देशभर नाव. प्रवेश मात्र एकाच परीक्षेवर. आठवीतली मुलं इंग्रजी आणि गणिताचा एक पेपर देतात, गुणानुक्रम लागतो, वरची मुलं आत. शाळेतले आधीचे गुण, शिक्षकांचं मत, मुलाखत, काही नाही. १९७१ च्या राज्याच्या कायद्याने स्टायव्हेसंट, ब्रॉन्क्स सायन्स आणि ब्रुकलिन टेक या तीन शाळांना ही पद्धत बांधून दिली. आज अशी परीक्षा लावणाऱ्या शाळा आठ आहेत, आणि दरवर्षी २५ ते ३० हजार मुलं ती देतात.

आता तक्ता. २०१९ साली स्टायव्हेसंटने ८९५ मुलांना प्रवेश देऊ केला. त्यात आशियाई ५८७, गोरी १९४, हिस्पॅनिक ३३ आणि कृष्णवर्णीय ७. सात! आणि न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांतली सुमारे दोन तृतीयांश मुलं कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक आहेत. २०२३ साली ७६२ जागांत पुन्हा सातच. हा आकडा दरवर्षी जाहीर होतो आणि दरवर्षी तेच भांडण पेटतं.

भांडणाचे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो : सातच मुलं आली, म्हणून परीक्षाच पक्षपाती आहे, ती काढून टाका. दुसरा म्हणतो : परीक्षा सगळ्यांना सारखी, पेपर सारखा, वेळ सारखा, ज्यांच्या घरात अभ्यासाचं वळण आहे ती मुलं येतात, ज्यांच्या घरात नाही ती येत नाहीत. पक्ष परस्परविरोधी आहेत. पण आमचं म्हणणं असं की दोघे एकाच चुकीच्या दोन टोकांना उभे आहेत. दोघांनी तक्ता पाहिला आणि लगेच 'म्हणून' लिहून टाकलं.

इथे आपल्या नैयायिकांची आठवण काढावी लागते. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती बरोबर. उलट करून पाहा : जिथे अग्नी तिथे धूर. दिसायला तितकीच सरळ. बहुतेक चुलींवर खरीही ठरते. पण लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. मग बाकीच्या ठिकाणी धूर कशाने आला? ओल्या लाकडाने. अग्नी आणि धूर यांच्यामध्ये ओलं सरपण लपून बसलं होतं. त्याला न्यायशास्त्रात 'उपाधी' म्हणतात. आजचे संख्याशास्त्रज्ञ वेगळं नाव देतात, पण रोग तोच. दोन गोष्टी सोबत दिसल्या की पहिला प्रश्न हा विचारायचा : यात उपाधी कोणती? आणि दुसरा : तापलेला गोळा कुठे सापडतो का? म्हणजे असं उदाहरण, जिथे पहिली गोष्ट आहे आणि दुसरी नाही.

'ज्या समाजाला अभ्यासाचं वळण नाही' असं म्हणणाऱ्यांसाठी तापलेला गोळा स्टायव्हेसंटच्याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकात याच शाळेत, याच परीक्षेतून आलेली कृष्णवर्णीय मुलं दहा टक्क्यांहून अधिक होती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुकलिन टेकमध्ये तर जवळपास निम्मी मुलं कृष्णवर्णीय होती. २०१२ पर्यंत स्टायव्हेसंटमध्ये सव्वातीन हजारांत ती चाळीसच्या घरात उरली. शहर तेच. परीक्षेची पद्धत तीच. आता सांगा, चाळीस वर्षांत एका समाजाचा स्वभाव बदलला? स्वभाव हे कारण असतं तर ते तेव्हाही होतं. जे कारण दोन्ही काळात सारखं आहे त्याने फरकाचा उलगडा होत नाही. हे तर्कशास्त्राच्या पहिल्या महिन्यात शिकवतात.

मग मध्ये काय बदललं? कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या शाळांमधले हुशार मुलांसाठीचे खास वर्ग कमी होत गेले. परीक्षेच्या तयारीचे खासगी क्लास वाढले आणि सहावी-सातवीपासून सुरू होऊ लागले. त्या वस्त्यांतल्या हुशार मुलांना शिष्यवृत्ती देऊन खासगी शाळांत नेणाऱ्या योजना आल्या. यातलं कुठलं कारण किती वजनाचं, यावर वाद घालता येईल. पण वाद घालण्यासारख्या गोष्टी या आहेत. 'वळण' नव्हे.

आता पहिल्या पक्षाकडे. परीक्षाच पक्षपाती, असं म्हणताना ते 'आशियाई' या रकान्याकडे नीट पाहत नाहीत. त्या एका शब्दात कोण कोण कोंबलं आहे? फूजियानहून आलेल्या, उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या चिनी बापाचा मुलगा आहे. क्वीन्समध्ये टॅक्सी चालवणाऱ्या बांगलादेशी माणसाची मुलगी आहे. कोरियन दुकानदाराचं मूल आहे. आणि दोन्ही पालक संगणक कंपनीत असलेलं भारतीय घरही आहे. एवढ्या घरांचा एक रकाना करणं म्हणजे पुणे, गडचिरोली आणि कोल्हापूर यांचं सरासरी पर्जन्यमान काढून शेतकऱ्याला पेरणीचा सल्ला देणं. स्टायव्हेसंटची दहापैकी चारांहून अधिक मुलं अल्प उत्पन्नाच्या घरांतली आहेत. म्हणजे ही श्रीमंतांनी बळकावलेली शाळा आहे हे चित्रही खरं नाही. २०१८ साली महापौर बिल डी ब्लासिओ यांनी परीक्षा रद्द करून प्रत्येक मिडल स्कूलमधल्या वरच्या सात टक्के मुलांना या शाळांत जागा द्यायचा प्रस्ताव मांडला, तेव्हा रस्त्यावर उतरले ते बहुतांशी याच आशियाई घरांतले पालक. त्यांच्या दृष्टीने ही परीक्षा म्हणजे ओळखपाळख नसलेल्या माणसाला उघडं असलेलं एकमेव दार होतं. त्यांना वर्णद्वेष्टे ठरवणं सोपं आहे, न्याय्य नाही. २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळात तो प्रस्ताव पुढे गेला नाही आणि कायदा तसाच राहिला.

पण त्याच वादात एक आकडा पुढे आला होता, आणि आमच्या मते साऱ्या भांडणात तोच सर्वांत बोलका आहे. शहरात सुमारे ६०० मिडल स्कूल. या खास हायस्कूलांत प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्मी मुलं आली फक्त २१ शाळांतून. थांबा आणि याचा अर्थ लावा. याचा अर्थ असा की परीक्षेच्या दिवशी फार थोडं ठरतं. बरंचसं आधीच ठरलेलं असतं. मूल अकराव्या-बाराव्या वर्षी कुठल्या शाळेत गेलं, तिथे बीजगणित कधी सुरू झालं, अशी परीक्षा असते हे त्याला कोणी वेळेत सांगितलं का, यावर ठरतं. सात हा आकडा त्या मुलांवरचा निकाल नाही. तो त्या शहराने आठवीपर्यंत केलेल्या कामावरचा निकाल आहे. तो निकाल नापासाचा आहे, आणि परीक्षा काढून टाकल्याने फक्त गुणपत्रिका नाहीशी होते.

आता इथवर आपण 'मुलं कोण' या रकान्याबद्दल बोललो. दुसऱ्या रकान्याकडेही संशयाने पाहायला हवं. स्टायव्हेसंटचे गुण उत्तम, म्हणून स्टायव्हेसंट ही उत्तम शाळा. इथेही 'म्हणून' आला. इथे उपाधी कोणती? निवड. जी मुलं आठवीतच शहरात वरच्या क्रमांकाला होती, ती बारावीत वर राहिली, तर त्यात शाळेचं काम किती?

यावर एक सुरेख अभ्यास आहे. अतिला अब्दुलकादिरोग्लू, जोशुआ अँग्रिस्ट आणि पराग पाठक या तीन अर्थशास्त्रज्ञांचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला. अँग्रिस्ट यांना पुढे २०२१ चं नोबेल मिळालं. त्यांनी बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या अशाच परीक्षा-शाळा घेतल्या, न्यूयॉर्कमधल्या तीन जुन्या शाळा त्यात आहेत. युक्ती साधी. प्रवेशाच्या रेषेच्या जेमतेम वर असलेली मुलं आणि जेमतेम खाली राहिलेली मुलं घ्यायची. या दोन गटांत फरक एखाद-दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे जवळजवळ योगायोगाचा. पण त्या फरकाने एकाला नामांकित शाळा मिळाली, दुसऱ्याला नाही. पुढे काही वर्षांनी दोघांचे परीक्षांतले गुण तपासायचे. निष्कर्ष काय? फारसा फरक नाही. अधिक हुशार सोबती मिळाले, वर्गातलं वर्णाचं प्रमाण बदललं, आणि तरी रेषेवरच्या मुलाच्या गुणांत म्हणावी अशी भर पडली नाही.

हा अभ्यास किती ताणायचा, तेही सांगितलं पाहिजे. तो रेषेजवळच्या मुलांबद्दल बोलतो, पहिल्या क्रमांकाच्या मुलाबद्दल नाही. तो परीक्षेच्या गुणांबद्दल बोलतो. आत्मविश्वास, ओळखी, जन्मभराचे मित्र यांचं मोजमाप त्यात नाही. पण एवढं तो नक्की सांगतो की निकालाचा आकडा हा शाळेच्या कामाचा आकडा नव्हे. चाळणी कितीही बारीक असो, तिच्याने धान्य पिकत नाही. वर राहिलेला दाणा टपोरा आहे हे चाळणीचं नव्हे, शेताचं श्रेय.

मग शाळेचं काम दिसतं कुठे? मूल आलं तेव्हा कुठे होतं आणि गेलं तेव्हा कुठे, या अंतरात. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे शॉन रीअर्डन यांनी अमेरिकेतल्या शालेय जिल्ह्यांचे आकडे या नजरेने पाहिले. सरासरी गुण हे घरच्या आर्थिक-सामाजिक स्थितीबरोबर अगदी घट्ट चालतात. पण वर्षागणिक होणारी वाढ त्या स्थितीशी तितकी बांधलेली नाही. शिकागो घ्या. बहुसंख्य मुलं गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. सरासरी गुण देशाच्या सरासरीखाली. वर्तमानपत्रांत त्या शाळांची कायम बदनामी. रीअर्डन यांच्या २०१७ च्या विश्लेषणात तिथली मुलं तिसरी ते आठवी या पाच वर्षांत सुमारे सहा वर्षांइतकं शिकलेली दिसली. हा दुसरा तापलेला गोळा! गरिबी आहे, आणि तरी शिकण्याची गती मंद नाही. दहापैकी तीन गुण मिळालेली शाळा आपलं काम दहापैकी नऊ गुणांच्या शाळेहून चोख करत असू शकते, आणि आपण तिथून घर बदलून निघून जातो.

याच प्रश्नाचा मूळ दस्तऐवज म्हणजे १९६६ चा कोलमन अहवाल. नागरी हक्क कायद्यानुसार समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी सुमारे ४ हजार शाळा आणि ६ लाखांहून अधिक विद्यार्थी तपासले. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या पार्श्वभूमीशी जास्त जुळतो, असं त्यांना आढळलं. लोकांनी त्याचं केलं काय? 'शाळेने काही फरक पडत नाही.' अहवाल असं म्हणत नव्हता. उलट, वंचित घरच्या मुलांवर शाळेचा आणि सोबत्यांचा परिणाम अधिक होतो, हेही त्यातच होतं. पण अर्धं वाक्य अर्ध्या शतकाहून जास्त टिकलं, कारण ते सोयीचं होतं. शाळेने काही होत नसेल तर शाळेवर पैसे खर्च करायला नकोत, आणि जबाबदारी कोणाचीच नाही.

'घरचं वातावरण' हे शब्द आपल्याकडेही असेच सोयीचे आहेत. आणि चाळणीची कला आपल्याला अगदी परकी नाही. दहावीचा शंभर टक्के निकाल लागावा म्हणून नववीत काही मुलांना मागे ठेवायचं किंवा पालकांना बोलावून 'याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा' असं सुचवायचं, हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? फलकावर १०० टक्के. जे फलकाच्या बाहेर राहिले त्यांचा रकाना कुठेच नाही. तिथे निदान सात हा आकडा छापला जातो, म्हणून भांडता तरी येतं.

शाळेच्या आत कोण आहे, हा प्रश्न मराठीत नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमकं हेच बोट ठेवलं होतं : महसूल येतो कष्टकरी रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. फुल्यांनी मुलांच्या स्वभावाबद्दल अनुमान केलं नाही. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते विचारलं. तक्ता वाचण्याचा हा खरा धडा. आणि याच फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना. तेव्हा न्यूयॉर्कच्या त्या सात मुलांचा विचार मराठी माणसाने करणं अस्थानी नाही.

आमचा निष्कर्ष तीन वाक्यांत. जी शाळा मुलं निवडून घेते, तिने निकालाचं सगळं श्रेय घेऊ नये. जी शाळा आलेल्या प्रत्येक मुलाला घेते, तिच्या माथी निकालाचं सगळं खापर मारू नये. आणि तक्ता वाचताना रकान्याला माणूस समजू नये. त्या सात मुलांतल्या प्रत्येकाला चार वर्षं त्या इमारतीत सातांपैकी एक म्हणून वावरावं लागतं, आणि न आलेल्या शेकडो मुलांना आपण 'त्या रकान्यातले' आहोत हे शहर दरवर्षी सांगतं. चुकीच्या अनुमानाची किंमत तर्कशास्त्रात गुण कमी होण्याएवढी असते. इथे ती मुलं मोजतात.

[व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांतील निवडक भाग]

प्रश्न : सर, मग हे वर्ण-वंशाचे रकानेच काढून टाकले तर? भेद मोजला नाही तर भेद उरणार नाही.

उत्तर : फ्रान्समध्ये सरकार साधारणपणे अशी वांशिक आकडेवारी गोळाच करत नाही. म्हणून तिथल्या उपनगरांतल्या स्थलांतरितांच्या मुलांचे प्रश्न मिटलेत का? नाही मिटले; फक्त ते सिद्ध करणं अवघड झालं. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही. अमेरिकेत २००२ पासून लागू झालेल्या कायद्याने प्रत्येक गटाचे गुण वेगळे दाखवणं शाळांना भाग पाडलं. त्या कायद्याचे दोष पुष्कळ होते, २०१५ मध्ये तो बदललाही; पण चांगल्या सरासरीच्या आड गरीब मुलांना लपवणं त्याने कठीण केलं. रकाने हवेत. 'म्हणून' मात्र घाईने लिहू नका.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत घर बघतोय. मुलगी पाचवीत आहे. खरं सांगा, शाळेचं रेटिंग बघायचं की नाही?

उत्तर : बघा की. पण ते बघताना लक्षात ठेवा की त्या आकड्यात बराच भाग शेजाऱ्यांच्या मिळकतीचा असतो. शाळेत जाऊन दोन प्रश्न विचारा. इथे मागे पडलेलं मूल दोन वर्षांत कुठे पोचतं? आणि मागच्या वर्षी किती मुलं शाळा सोडून गेली, का गेली? उत्तर देणारा माणूस तक्ता काढू लागला तर थोडं थांबा. मुलांबद्दल बोलू लागला, तर त्या वस्तीत घर बघायला हरकत नाही.